उंडग्याची भूमिका

राघूला आडनाव होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कर्जतपासून खालापूरपर्यंत आणि तिथून पाताळगंगेच्या काठाकाठानं लोधिवलीपर्यंत सगळे त्याला राघू उंडगा म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. नव्या माणसानं नाव विचारलं तर तो स्वतःच तसं सांगायचा. कुणी पाटील म्हणून सांगावं, कुणी देशमुख म्हणून सांगावं, तसं.

शब्द तसा चांगला नाही. आमच्याकडे दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरणाऱ्या बैलाला उंडगा म्हणत. शाळा चुकवणाऱ्या पोराला त्याची आई उंडग्या म्हणून हाक मारी. एखाद्या घरात मुलगी द्यायची नसली की पोरगा उंडगा आहे एवढं म्हटलं तरी पुरे, पुढे कुणी चौकशी करत नसे. असला शब्द एका माणसानं आयुष्यभर अंगावर वागवला आणि त्याला उजाळा दिला. त्या माणसाला मी ओळखत होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी लोधिवलीजवळच्या एका गावात मास्तर म्हणून गेलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची आणि मी भिकूबायच्या पडवीत राहायचो. भिकूबाय साठीची, नवरा गेलेला. दोन खाचरं भात, एक म्हैस आणि कर्जतच्या पलीकडे दिलेली एकुलती मुलगी सखू, एवढा तिचा संसार. राघूला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्याच अंगणात. शाळेतून आलो तर एक उंच, वाळका, चाळिशीचा माणूस उकिडवा बसून म्हशीचं दावं वळत होता. खांद्यावर कांबळं, कमरेला कोयता, बाकी चीजवस्तू काही नाही. हा कोण, असं मी विचारलं. भिकूबाय म्हणाली, राघू उंडगा हाय, आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला बसली.

तो भीक मागत नसे. अंगणात पाऊल टाकलं की आधी काम हुडकायचा, मग टेकायचा. छप्पर शाकारायचं असलं तर वर चढायचा. भाताच्या आवणीच्या दिवसांत कुणाचा गडी तापानं पडला असला तर त्याच्या जागी चिखलात उतरायचा. विहिरीतला गाळ काढायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचा. बदल्यात दोन वेळचं जेवण आणि पडवीची जागा, बस. पण राहायचा तीनच दिवस. चौथ्या दिवशी सकाळी कितीही आग्रह झाला तरी कांबळं खांद्यावर टाकायचा. मी एकदा कारण विचारलं.

"तीन दिस मी पावना," तो म्हणाला. "चवथ्या दिशी घरवाली भाकऱ्या मोजती. नि पाचव्या दिशी मीच मोजाया लागन, का हिनं आज एक कमी दिली."

निघताना तो 'येतो' म्हणत नसे, 'जातो' म्हणायचा. बायामाणसांना ते अशुभ वाटे. त्या रागवायच्या, येतो म्हण रं मेल्या. तो ऐकायचा नाही. येतो म्हटलं की लोक वाट बघतात, माणसाला वाट बघायला लावू नये, असं त्याचं म्हणणं. पाण्याच्या बाबतीतही त्याचं असंच काहीतरी होतं. कुठल्याही गावात गेला की पहिला घोट तोंडात धरून ठेवायचा आणि मग गिळायचा. डोळे बांधून पाणी दिलं तरी कोणत्या विहिरीचं ते सांगीन, असं म्हणायचा. आमच्या शाळेतल्या पोरांनी एकदा खरंच डोळे बांधले होते. पाच विहिरींपैकी चार त्यानं बरोबर सांगितल्या. पाचवी नदी निघाली.

पण त्याची खरी किंमत होती ती निरोपांसाठी. गावोगाव दिलेल्या लेकी, त्यांच्या आया, दोघींनाही अक्षर येत नाही. टपाल म्हटलं तर शिपाई आठवड्यातून एकदा, आणि पत्र वाचून घ्यायला पुन्हा परका माणूस. राघू निरोप न्यायचा. तो नुसता निरोप सांगत नसे. ज्या माणसाचा निरोप, त्याच्याच आवाजात, त्याच्याच लयीत बोलायचा. नक्कल म्हणावी तर त्यात थट्टा नसे. डोळे मिटून ऐकलं तर आपलं माणूस समोर बसलंय असं वाटायचं. आणि एका घरातलं दुसऱ्या घरात त्यानं कधी नेलं नाही. ज्याचा निरोप त्यालाच.

त्या पहिल्या भेटीत तो भिकूबायला सखूचा निरोप सांगत होता. मी पडवीत वह्या तपासत बसलो होतो. "आये, भात बरं आलं. गाय व्याली. सासू धड हाय. मी..." इथं तो थांबला. श्वास घेतला, खाली बघितलं, मग म्हणाला, "मी बी बरी हाय." एवढाच निरोप. भिकूबायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो पुन्हा त्याच जागी, तेवढाच थांबला.  दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हैस माझ्यावर सोपवून ती कर्जतच्या वाटेला लागली आणि चार दिवसांनी सखूला घेऊन आली. पोरगी अंगानं निम्मी झाली होती. दोन महिने रोज थंडीताप येत होता आणि सासरी कुणी त्याची दखल घेतली नव्हती. आणखी महिनाभर गेला असता तर ती हाताला लागली नसती.

पुढच्या खेपेला मी राघूला म्हणालो, तू सरळ का सांगितलं नाहीस, की मुलगी आजारी आहे म्हणून. तो म्हणाला, तिनं तसं सांगितलं नव्हतं. ती जिथं थांबली तिथं मी थांबलो.

सुगीनंतर कर्जतला तंबूतला सिनेमा यायचा. एकदा शाळेचे कागद घेऊन मी कर्जतला गेलो होतो, तिथं राघू भेटला. त्याला आग्रह करून मी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला नेलं. कारण चित्रपटाचा नायक उंडगाच होता. फाटका कोट, तिरपी टोपी, काठीला गाठोडं. कुठून आला ठाऊक नाही, कुठं चालला ठाऊक नाही, गाणं म्हणत हिंडतोय. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या काळी नाटका-सिनेमांत असली पात्रं पुष्कळ असायची. एक तर तो चोर असायचा, नाहीतर लहानपणी हरवलेला श्रीमंताचा मुलगा. दोन्ही वेळा शेवटी त्याला घरात आणून बसवायचे आणि मगच दिवे लावायचे.

राघू मात्र निराळंच बघत होता. मध्येच माझ्या कानाशी लागून त्यानं विचारलं, याच्या गाठोड्यात काय असेल. मी म्हटलं, काही नसणार, चिंध्या भरल्या असतील. त्यावर तो म्हणाला, तरीच इतका हलका चालतो. थोड्या वेळानं नायक पायरीवर पाय पसरून बसला. राघूनं त्याच्या टाचांकडे बोट दाखवलं. टाचा गुळगुळीत होत्या. हा चाललेला नाय, एवढंच तो म्हणाला. शेवटी नायकाला बाप सापडला, बंगला मिळाला, लग्न लागलं. सगळा तंबू खूश. बाहेर आल्यावर मी राघूला विचारलं, कसा काय वाटला. तो म्हणाला, "वाईट झालं बिचाऱ्याचं."

मी हसलो. एखाद्या माणसाला बंगला मिळणं हे दुःख वाटू शकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं असतं तर पुढच्याच वर्षी मी जे नाटक लिहिलं ते लिहिलं नसतं.

चैत्रात आमच्या मारुतीचा उत्सव असे आणि उत्सवात गावकऱ्यांचं नाटक. त्या वर्षी नाटक मास्तरांनीच लिहावं असं ठरलं. मी तेविशीतला, शहरातली दोन-चार नाटकं पाहिलेला. मी तीन अंक लिहिले. पहिल्या अंकात एका सज्जन घराचं सुख. दुसऱ्यात गावात एक उंडगा येतो आणि रिकाम्या घरातून आईची सोन्याची माळ चोरतो. तिसऱ्यात घरचा मुलगा त्याला पकडतो, उंडगा त्याच्या पायावर लोळण घेतो, पश्चात्ताप करतो आणि शेतावर गडी म्हणून राहतो. चोरीच्या आधी त्याच्या तोंडी मी एक वाक्य घातलं होतं: "ज्याला घर नाही, दार नाही, त्याला धर्म तरी कशाला हवा?" या वाक्यावर मी फार खूश होतो. तालमीत स्वतः म्हणून दाखवायचो, हात वर करून.

राघू मनात ठेवून मी ते लिहिलं नव्हतं, शपथेवर सांगतो. सिनेमात असतो तसा उंडगा लिहिला, इतकंच. पण गावाला उंडगा म्हणून एकच माणूस ठाऊक होता. तालमी सुरू असताना तो येऊन गेला. तीन दिवस रोज ओवरीच्या खांबाला टेकून त्यानं तालीम बघितली.  पोरं त्याच्या मागून 'धरा उंडग्याला' म्हणत पळायची, तर तो हसायचा.

तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी आबा पाटलांच्या देवघरातलं चांदीचं फुलपात्र नाहीसं झाल्याचं उघडकीस आलं. राघूनं त्या खेपेला पाटलांच्याच गोठ्याचं छप्पर शाकारलं होतं. वर्षानुवर्षं ज्याला उघड्या घरात सोडून बाया शेतावर जायच्या, त्याचं नाव घ्यायला गावाला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. पाटील तसे सरळ माणूस, साठीचे, कडक. त्यांनी जाहीर केलं, की उत्सवाला तो येईल तेव्हा पंच बसवू. एकटी भिकूबाय त्यांच्या दारात जाऊन भांडून आली. मी गेलो नाही. मला वाटलं, पंच ठरवतील ते ठरवतील.

उत्सवाच्या सकाळी राघू आला. भिकूबायनं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघून जा. तो बसून राहिला. पळून गेलो तर खरं होईल, म्हणाला. आणि एका गावात चोर ठरलो, तर ते बोलणं माझ्या आधी कर्जतला पोचेल, मग कोणती लेक मला आपल्या आईचा निरोप सांगेल. बोलताना तो कांबळ्याची घडी घालत होता, मोडत होता. त्याला असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

लढाईमुळे रॉकेलवर कंट्रोल होतं, गॅसबत्त्या मिळेनात, म्हणून आमचं नाटक त्या वर्षी दुपारीच, देवळापुढच्या मांडवात होतं. आणि दुपारी बाराच्या सुमाराला कळलं, की उंडग्याचं काम करणारा शिवा हिवतापानं फणफणलाय. दुसऱ्या कुणाला संवाद येत नव्हते. मी डोकं धरून ओवरीत बसलो होतो, तेव्हा राघू पुढे झाला आणि म्हणाला, मला पाठ हाय.

पाठ असणारच. तीन दिवस त्यानं ऐकलं होतं. मी पाटलांकडे बघितलं. ते म्हणाले, करू द्या, नाटक संपेपर्यंत डोळ्यांसमोर तरी राहील, लगेच मागोमाग पंच बसवू.

पहिला अंक पार पडला. दुसरा अंक उघडला. मागे लुगड्यांचा पडदा, एक रांजण, एक केरसुणी आणि खुंटीवर पितळी मण्यांची माळ. मी हातात वही घेऊन विंगेत उभा. राघू आला. त्यानं पोशाख घातला नव्हता, आपलंच कांबळं, आपलाच कोयता. मांडवात कुजबुज झाली. तो खुंटीपाशी गेला, माळेकडे बघितलं आणि वाक्य म्हणाला. "ज्याला घर नाही, दार नाही, त्याला धर्म तरी कशाला हवा?"

पण ते तो माझ्या आवाजात म्हणाला. माझं शुद्ध बोलणं, माझा वर गेलेला हात, 'धर्म' या शब्दावर मी देत होतो तो जोर, सगळं जसंच्या तसं. लोकांना ओळखायला क्षण लागला नाही. सगळा मांडव हसला. ज्याचा निरोप, त्याच्याच आवाजात. मी विंगेत वहीमागे तोंड लपवलं.

यानंतर त्यानं माळ कमरेला खोचून निघून जायचं होतं. तो वळला, केरसुणी घेतली आणि रंगमंच झाडला. मी आतून म्हटलं, माळ उचल. त्यानं रांजण उघडून बघितला, रिकामा होता. तो खाली उतरला, देवळाच्या विहिरीवरून दोन कळशा पाणी आणून त्यानं रांजण भरला.  मी पुन्हा म्हटलं, राघू, माळ. त्यानं मला ऐकलं होतं, माझ्याकडे एकदा बघितलंही. मग रंगमंचाच्या कडेला कांबळं झटकलं, घडी केली, खांद्यावर टाकली आणि शांतपणे निघून गेला. माळ खुंटीवर होती.

ठरल्याप्रमाणे नाना आत आला. नाना म्हणजे आबा पाटलांचा पुतण्या, नाटकाचा नायक. भरजरी पोशाख, कमरेला तलवार. सवयीनं त्यानं आपलं वाक्य म्हटलं, की माझ्या मातेची माळ कुठं गेली. आणि समोर खुंटीवर माळ. तो तसाच उभा राहिला. कुणी हसेना. पुढच्या रांगेत बायकांत भिकूबाय बसली होती. ती बसल्या जागेवरूनच बोलली.

"हाय तिथंच हाय, नाना. त्यानं नाय घेतली. आमी समदी बघत व्हतो."

तिच्या मागून आणखी एक बाई म्हणाली, होय, नाय घेतली. मग पुरुषांतून कुणीतरी.  नाना विंगेत माझ्याकडे आला आणि पोशाखाची गुंडी सोडत म्हणाला, की मास्तर, फुलपात्र मी नेलं. कर्जतचा पोशाखवाला काहीतरी ठेवून घेतल्याशिवाय पोशाख देईना. उत्सव झाला की परत आणणार होतो. आळ राघूवर आला तेव्हा वाटलं, त्याला काय, ना घर ना दार, जाईल निघून. माझ्या नाटकातलंच वाक्य होतं ते, थोड्या फरकानं.

पुढचं जे नानानं केलं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. अर्धा पोशाख अंगावर, तसाच तो मांडवात गेला, चुलत्यासमोर वाकला आणि त्यांच्या कानात बोलला.  मग पाटील उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की माझ्या घरातलं काही चोरीला गेलेलं नाही, पंच बसणार नाहीत. रांजणाच्या पाण्यानं राघूचे पाय भिजले होते, तो देवळामागे ते पुसत होता. पाटील स्वतः चालत तिथवर गेले.

"राघू, मी तुझ्यावर आळ घेतला," ते म्हणाले. "ओढ्याकडंची माझी जागा हाय. घर बांध. गाव बांधून देईल."

राघूनं हात जोडले. जागा चांगली आहे, पाणीही चांगलं आहे, पण मला नको, म्हणाला. नाटकातला ऱ्हातो, सिनेमातला ऱ्हातो, मी नाय ऱ्हात. पाटील रागावले नाहीत. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी त्याला पहिल्यांदा बरोबरीचा माणूस म्हणून बघितलं.

तिसरा अंक झालाच नाही. पकडायला चोर नव्हता. संध्याकाळी मी राघूला विचारलं, की नाटकच होतं, माळ घेतली असतीस तर काय झालं असतं.

"मला काय नाय झालं असतं," तो म्हणाला. "पन माज्या मागून दुसरा कोन उंडगा ह्या गावात येईल, त्याला पोरांनी धरला असता."

त्या दिवसापासून आमच्या गावात आया मुलांना उंडग्या म्हणून रागवेनाशा झाल्या. शब्द इतका साधा राहिला नव्हता. आणि मी पुन्हा नाटक लिहिलं नाही. लिहिलं ते राघूनं एवढं चांगलं करून ठेवलं होतं.

लढाई संपली, राज्य बदललं. माझी बदली खालापूरला झाली. पहिल्या निवडणुकीसाठी मतदारांच्या याद्या करायचं काम निघालं आणि मास्तर मंडळींना त्यावर बसवलं. गावोगावचे कागद माझ्या टेबलावर यायचे आणि मी ते जुळवायचो. आमच्या जुन्या गावच्या यादीत, भिकूबायच्या घराखाली, राघूचं नाव दिसलं. मला बरं वाटलं. लोधिवलीच्या यादीत पुन्हा दिसलं, दुसऱ्याच्या घराखाली. मग चौकच्या. असं करत ते सात गावांत निघालं. सात घरांनी त्याला आपल्यात धरला होता. एकानं तर आडनावाच्या जागी स्पष्ट अक्षरात 'उंडगा' लिहिलं होतं. नियम असा, की एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी. सहा खोडायची होती आणि कोणती खोडावीत हे मला ठरवता येईना. मी येणाऱ्याजाणाऱ्याजवळ राघूला निरोप धाडला.

पंधरा दिवसांनी तो कचेरीच्या दारात उभा राहिला. केस पिकले होते, कमरेत किंचित वाकला होता. मी सातही कागद समोर मांडले आणि वाचून दाखवले. कोणत्या गावानं, कोणत्या घरानं त्याला लिहिलंय, ते एकेक. तो ऐकत होता. चौथ्या नावाला त्यानं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी वाचायचा थांबलो. "वाचा," तो म्हणाला. मी सगळी वाचली.

मग त्यानं विचारलं, यातल्या कोणत्या यादीत माणसं सगळ्यांत कमी आहेत. मी बघितलं. डोंगराच्या कुशीतली एक वाडी होती, तिथं अवघी अकरा नावं.

"तितं ठेवा," तो म्हणाला. "लय लांब हाय ती वाडी. तितं कोनी जात नाय. एक मानूस वाढला तर त्यांचं बी कोनी ऐकंल."

मी त्याच्यासमोर सहा नावं खोडली. भिकूबायच्या घराखालचं खोडताना माझा हात अडला. ते त्यानं बघितलं आणि म्हणाला, तिला मी सांगेन, ती समजून घेईल. आडनावाच्या जागचा शब्द खोडू का, असं मी विचारलं, कारण नेमकी तीच यादी वाडीची होती. त्यानं मला तो वाचून दाखवायला लावला, अक्षरांवर बोट ठेवून बघितला आणि म्हणाला, असू द्या, बरा लिवलाय.

चहा घेतला नाही. उन्हं होती, तरी निघाला. मी खिडकीतून बघत होतो. कचेरीपुढून पुण्याच्या रस्त्याला लागला तेव्हा मागून मोटार आली. ड्रायव्हर त्याला ओळखत असावा. गाडी हळू करून त्यानं बाहेर डोकं काढलं आणि दार दाखवलं. राघूनं हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं. मोटार गेली, रस्ताभर धूळ उडाली. ती खाली बसली तेव्हा तो बराच पुढे गेला होता, रस्त्याच्या मधोमध, कंबर ताठ करून चालत.